बंदुकीच्या हक्कावर वाद घालायचाय? आधी ते एक वाक्य मराठीत करून बघा

न्यू जर्सीत राहून बरीच वर्षं झाली, दर दिवाळीला कुणाच्या ना कुणाच्या बेसमेंटमधे चिवड्याच्या वाट्या घेऊन बंदुकांवर वाद झालेला मी ऐकलाय, आणि दर वेळी तो एकाच ठिकाणी जाऊन अडकतो. एक जण म्हणतो बंदुकीचा हक्क अमेरिकेच्या घटनेतल्या दुसऱ्या दुरुस्तीत, म्हणजे सेकंड अमेंडमेंटमधे, लिहिलाय, दुसरा म्हणतो शाळांमधे पोरं मरतायत त्याचं काय, तिसरा म्हणतो ते तेव्हाच्या ठासणीच्या मस्केट बंदुकांसाठी लिहिलं होतं, मग यजमानीण जेवायला चला म्हणते आणि विषय संपतो. हा वाद नीट कसा घालायचा ते मला मुलीच्या शाळेतल्या डिबेटमुळे कळलं. तिथे बऱ्याचदा नाणं उडवून बाजू ठरते, म्हणजे तुम्हाला काय वाटतं याला किंमत शून्य, दोन्ही बाजू तयार पाहिजेत. दोन महिने आमच्या किचन टेबलावर हीच तयारी चालू होती, त्यातून जे हाती लागलं ते इथे टाकतोय. कुणाला ऑफिसात, कॉलेजात, नाहीतर असंच बेसमेंटमधे उपयोगी पडेल.

सगळ्यात आधी समोरच्याला विचारा की आपण नक्की कशावर भांडतोय. इथे तीन वेगळे प्रश्न आहेत आणि नव्वद टक्के भांडण ते एकमेकांत मिसळल्यामुळे होतं. १७९१ साली, ती दुरुस्ती आली तेव्हा, लोकांना त्या एका वाक्याचा अर्थ काय लागत होता हा एक प्रश्न. आज सुप्रीम कोर्ट त्याचा काय अर्थ लावतं हा दुसरा. आणि कायदा कसा असायला हवा हा तिसरा. पहिला इतिहासाचा, दुसरा वकिलांचा, तिसरा तुमचा आमचा. शाळेतल्या गोळीबाराचा मुद्दा तिसऱ्यात शंभर टक्के बसतो पण पहिल्यात बसत नाही, आणि मूळ मसुदा लिहिणाऱ्या जेम्स मॅडिसनला काय वाटत होतं हे पहिल्यात बसतं पण तिसऱ्यात ते पुरेसं नाही कारण मॅडिसन गुलामही बाळगून होता, त्याला वाटलं ते सगळं आपण थोडंच मान्य करतो. मुलीला मी एवढंच सांगायचो, बोलायच्या आधी "कितवा प्रश्न?" असं मनात विचार. समोरचा एकातून दुसऱ्यात उडी मारतोय हे दिसलं की शांतपणे तसं म्हणायचं, अर्धा वाद तिथेच थंड होतो.

आता मूळ वाक्य. सेकंड अमेंडमेंट इंग्रजीत जेमतेम २७ शब्दांचं आहे. एका रविवारी सांगलीला आईशी व्हिडिओ कॉल चालू होता, तिनं नातीला विचारलं की कशावर गं एवढा अभ्यास, तर मुलगी म्हणाली आजी थांब, मराठीत सांगते. आणि तिथे आमची फे फे उडाली. पहिला प्रयत्न असा झाला: "नीट शिस्त लावलेली मिलिशिया स्वतंत्र राज्याच्या सुरक्षेसाठी आवश्यक असल्यामुळे, शस्त्रं बाळगण्याच्या लोकांच्या हक्कावर गदा येणार नाही." मिलिशिया म्हणजे गरज पडली की बोलवायची साध्या नागरिकांची फौज. आई नोकरीत असताना जिल्हाधिकारी कार्यालयात शस्त्र परवान्याच्या फायली बघायची, तिला शब्दांची सवय. ती लगेच म्हणाली, "असल्यामुळे की असेपर्यंत? दोन्हीत फरक आहे बाळा."

मी तर बघतच राहिलो. कारण अडीचशे पानांची भांडणं ज्या गोष्टीवर झालीत ती हीच आहे. इंग्रजी वाक्यात पहिला तुकडा नुसता लटकवून ठेवलाय, त्याचा दुसऱ्या तुकड्याशी संबंध काय ते वाचणाऱ्यानं ठरवायचं. मराठीला असं लटकवता येत नाही, तिला "असल्यामुळे", "असेपर्यंत", "असून" यातलं काहीतरी एक निवडावंच लागतं. "असेपर्यंत" घेतलंत तर मिलिशिया गेली की हक्कही गेला, निदान ढिला झाला. "असल्यामुळे" घेतलंत तर मिलिशिया हे कारण झालं, पण हक्क आधीपासूनच होता आणि कारण जुनं झालं तरी हक्क उरतो असं म्हणता येतं. "असून" घेतलंत तर ती नुसतीच प्रस्तावना. म्हणून माझा पहिला सल्ला, वादाला जायच्या आधी हे वाक्य स्वतः तीन प्रकारे मराठीत लिहून काढा. आपण नकळत कुठला शब्द धरून बसलोय ते तुम्हाला दिसेल, आणि समोरच्यानं कुठला धरलाय तेही.

दुसरी गंमत "बाळगणे" मधे आहे. मूळ वाक्यात दोन क्रियापदं आहेत, एक घरात ठेवण्याचं (keep) आणि एक अंगावर वाहण्याचं (bear). आपल्याकडे पेपरात "गावठी कट्टा बाळगल्याप्रकरणी अटक" असं येतं तेव्हा तो कट्टा घरात सापडला की कमरेला हे त्या शब्दावरून कळतच नाही. पण अमेरिकेतल्या वादात हे दोन वेगळे आहेत, कोर्टाचे निकालही वेगळ्या वर्षी आलेत, त्यामुळे मराठीत बोलताना "घरी ठेवणं" आणि "जवळ घेऊन फिरणं" असं तोडून बोला.

आणि ते दुसरं क्रियापद, ते अजून चिवट आहे. मिलिशियावाले, म्हणजे हा हक्क मिलिशियापुरताच मानणारे, म्हणतात की अठराव्या शतकात तो वाक्प्रचार लष्करी होता, आपण "शस्त्र हाती घेतलं" म्हणतो तसा. शेतात डुक्कर हाकलायला बंदूक घेऊन गेलेल्या माणसानं शस्त्र हाती घेतलं असं कुणी म्हणत नाही, ते लढाईला निघालेल्याबद्दल म्हणतात. या बाजूचा सगळ्यात भारी पत्ता म्हणजे मॅडिसनचा जून १७८९ चा स्वतःचा मसुदा. त्यात शेवटी एक शेपूट होतं की ज्याच्या धर्माला शस्त्र धरणं मंजूर नाही त्याच्यावर लष्करी सेवेची सक्ती होणार नाही. हे युद्ध न मानणाऱ्या क्वेकर पंथासारख्या लोकांसाठी होतं. म्हणजे त्याच वाक्यात त्याच शब्दाचा अर्थ सरळसरळ लष्करी सेवा होता. पुढे ते शेपूट अमेरिकेच्या संसदेत, म्हणजे काँग्रेसमधे, कापलं गेलं. हा पत्ता टाकलात की समोरचा गडबडतो, पण तो तयारीचा असेल तर पेनसिल्वेनिया काढेल. १७७६ च्या पेनसिल्वेनियाच्या घटनेत लोकांना स्वतःच्या आणि राज्याच्या रक्षणासाठी शस्त्र धरण्याचा हक्क आहे असं तेच क्रियापद वापरून लिहिलंय, स्वतःच्या हा शब्द महत्त्वाचा. आणि १७८७ मधे तिथल्याच विरोधी गटानं नव्या घटनेवर आक्षेप लिहिले त्यात तर त्याच शब्दाबरोबर शिकारसुद्धा घातली. म्हणजे डुक्कर हाकलणारा परत आत आला! वाद खरा असा आहे, एका बाजूला वापराचा ढीग, दुसऱ्या बाजूला थोडी पण ठसठशीत उदाहरणं, आणि प्रश्न असा की ढीग मोजायचा का ठसठशीत उदाहरण बघायचं. यावर मुलीचं आणि माझं अजून एकमत नाही.

स्वल्पविरामावर वेळ घालवू नका. कुठल्या प्रतीत तीन आहेत कुठल्या प्रतीत एक आहे, तेव्हाचे लेखनिक हवे तसे टाकायचे, त्यावर इमारत बांधलीत तर समोरचा दुसरी प्रत दाखवेल आणि तुम्ही तोंडावर पडाल. तसंच "शिस्त लावलेली" (well regulated) या शब्दाचं. आजच्या इंग्रजीत तो शब्द सरकारी नियमनासारखा वाटतो म्हणून बंदूक नियंत्रणवाले उड्या मारतात की बघा नियमन तर घटनेतच आहे. तेव्हा त्याचा अर्थ कवायत केलेली, तयार असा होता, अलेक्झांडर हॅमिल्टननं नव्या घटनेची बाजू मांडणाऱ्या फेडरलिस्ट लेखमालेच्या २९ व्या लेखात हीच तक्रार केलीय की सगळ्या शेतकऱ्यांना कवायत करायला लावून त्या पातळीला आणणं लोकांना जाचक होईल. पण मग दुसऱ्या बाजूनंही खूश होऊ नये, कारण ती कवायत काय आपखुशीची नव्हती. १७९२ चा मिलिशिया कायदा वाचा, १८ ते ४५ वयाच्या प्रत्येक धडधाकट स्वतंत्र गोऱ्या पुरुष नागरिकानं नाव नोंदवायचं, आणि सहा महिन्यांच्या आत स्वतःच्या खर्चानं चांगली मस्केट, संगीन आणि पट्टा, ठिणगी पाडायच्या दोन जादा गारगोट्या, पाठीवरची थैली आणि किमान २४ काडतुसं मावतील अशी पेटी आणायची. शाळेच्या पहिल्या दिवसाची सामानाची यादी असावी तसा कायदा आहे तो. दोन गारगोट्या! हक्क म्हणून बघा नाहीतर ड्यूटी म्हणून बघा, त्या काळात दोन्ही एकाच माणसाच्या खांद्यावर होतं, आणि "हक्क व्यक्तीचा की समूहाचा" हा आजचा प्रश्न त्यांना विचारला असता तर ते गोंधळले असते असं माझं मत आहे.

आता उगम. इथे सगळ्यात मोठी युक्ती समजून घ्या, गोष्ट कुठून सुरू केली यावर निकाल ठरतो. बंदूकवाला माणूस १६८९ पासून सुरू करतो. इंग्लंडच्या दुसऱ्या जेम्स राजावर आरोप होता की त्यानं प्रोटेस्टंट लोकांची शस्त्रं काढून घेतली, तो गेल्यावर इंग्लिश बिल ऑफ राइट्समधे लिहिलं गेलं की प्रोटेस्टंट प्रजेला आपल्या रक्षणासाठी शस्त्रं ठेवता येतील. मग इंग्लिश कायदेपंडित ब्लॅकस्टोननं ते इंग्रजांच्या हक्कांमधे मोजलं, मग एप्रिल १७७५ मधे ब्रिटिश फौज मॅसॅच्युसेट्समधल्या काँकर्डला दारूगोळा जप्त करायला निघाली आणि लेक्झिंग्टनला स्वातंत्र्ययुद्धाची पहिली गोळी सुटली. या क्रमानं सांगितलं की गोष्ट एकदम सरळ होते, राजा शस्त्रं काढून घेतो, प्रजा उठते. तुम्ही दुसऱ्या बाजूला असाल तर १६८९ चंच वाक्य पूर्ण वाचायला लावा. त्यात पुढे आहे, आपापल्या पायरीला शोभतील अशी आणि कायदा परवानगी देईल तशी. म्हणजे कॅथलिक बाहेर, गरीब अर्धे बाहेर, आणि पार्लमेंटचा हात वर.

मिलिशियावाला १७८७ पासून सुरू करतो. नवी घटना आली, तिच्या पहिल्या कलमाच्या आठव्या भागात मिलिशिया संघटित करायचा, तिला शस्त्रं द्यायचा अधिकार काँग्रेसला दिला. राज्यांना भीती वाटली की केंद्र मुद्दाम दुर्लक्ष करून आमची मिलिशिया मोडेल आणि खडी फौज आमच्या डोक्यावर बसवेल. सेकंड अमेंडमेंट हे त्या भीतीवरचं औषध. याला उत्तर म्हणून मॅडिसनचाच फेडरलिस्टमधला ४६ वा लेख टाकता येतो, त्यात तो अमेरिकन लोकांकडे शस्त्रं असण्याचा फायदा युरोपशी तुलना करून सांगतो.

तिसरी सुरुवात गुलामगिरीपासून. दक्षिणेत मिलिशिया आणि गुलामांवर पाळत ठेवणारी गस्त यांचा घट्ट संबंध होता, आणि १७८८ मधे व्हर्जिनियातल्या नव्या घटनेवरच्या चर्चेत तिथला नेता पॅट्रिक हेन्रीनं गुलामांच्या उठावाचा मुद्दा मिलिशियाच्या संदर्भात काढलाही होता. त्यावरून काही अभ्यासक म्हणतात की खरं मूळ इथेच आहे. बाकीचे इतिहासकार म्हणतात की मॅसॅच्युसेट्स, पेनसिल्वेनियासारख्या उत्तरेकडच्या राज्यांनी आधीच असली कलमं घातली होती त्याचं काय. हा मुद्दा "एकमेव कारण" म्हणून मांडलात तर पडाल, "अनेक कारणांतलं एक" म्हणून मांडलात तर टिकाल. आणि लक्षात ठेवा, वंशाचा इतिहास दोन्हीकडून कापतो. यादवी युद्ध संपल्यावर १८६५ मधे मिसिसिपीनं कायदा केला की मुक्त झालेल्या काळ्या माणसानं परवान्याशिवाय बंदूक ठेवायची नाही. सगळ्यांना कायद्याचं समान संरक्षण देणाऱ्या १८६८ च्या चौदाव्या दुरुस्तीमागे हेही एक कारण होतं, आणि २०१० मधे शिकागोच्या केसमधे कोर्टानं हाच इतिहास वापरून सेकंड अमेंडमेंट राज्यांनाही लागू केलं, तिथला अर्जदार ओटिस मॅकडोनल्ड हा वयस्कर काळा माणूस होता. बंदूक नियंत्रणाच्या बाजूनं बोलणाऱ्यांना हे माहीतच नसतं आणि मग त्यांची पंचाईत होते.

कोर्टाचं थोडक्यात सांगतो, कारण हे दुसऱ्या प्रश्नात येतं आणि इथे मतं चालत नाहीत, माहिती लागते. १९३९ चा मिलर, आखूड नळीच्या शॉटगनची केस, कोर्ट म्हणालं हिचा मिलिशियाशी संबंध दाखवला नाही म्हणून संरक्षण नाही. या केसमधे मिलरच्या बाजूनं कोर्टात कुणी उभंच राहिलं नव्हतं, त्यामुळे तिच्यावर फार भार टाकू नका. मग २००८ चा हेलर, पाच विरुद्ध चार. डिक हेलर हा सिक्युरिटी गार्ड, ड्यूटीवर पिस्तूल चालायचं पण वॉशिंग्टनमधे घरी ठेवायला बंदी. न्यायाधीश स्कॅलियानं लिहिलं की हक्क व्यक्तीचा आहे, मिलिशियात असायची गरज नाही. पण त्याच निकालात त्यानं हेही लिहिलं की हा हक्क अमर्याद नाही, गुन्हेगार, मानसिक आजारी, शाळा, सरकारी इमारती यावरची बंधनं आपण हलवत नाही. हेलरचं नाव घेणाऱ्या दहातल्या नऊ जणांनी हा भाग वाचलेला नसतो, तो पाठ करा.

२०२२ चा ब्रुएन, सहा विरुद्ध तीन, हा आईला सगळ्यात जवळचा वाटला. न्यू यॉर्कमधे बाहेर पिस्तूल घेऊन फिरायचा परवाना हवा तर "योग्य कारण" दाखवावं लागायचं. आई म्हणाली आमच्याकडे तेच, फाइलमधे कारण हवंच, स्वसंरक्षण नाहीतर पीक संरक्षण, आणि निवडणूक लागली की बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायची नोटीस. कोर्टानं न्यू यॉर्कची ती अट उडवली, म्हणाले हक्क असेल तर कारण कशाला विचारता. आमच्या न्यू जर्सीलाही तशीच अट लगेच सोडावी लागली. शिवाय नवीन कसोटी आली, बंदुकीवर बंधन घालायचं असेल तर सरकारनं जुन्या काळात तसलं बंधन होतं हे दाखवावं. दोन वर्षांनी रहीमीच्या केसमधे, घरगुती हिंसेमुळे कोर्टाचा मनाई आदेश असलेल्या माणसाकडे बंदूक नको, हा कायदा आठ विरुद्ध एकनं टिकला, कोर्ट म्हणालं हुबेहूब जुळं नको, तत्त्व जुळलं तरी पुरे. एकटा विरोधात गेला तो न्यायाधीश थॉमस, ज्यानं ब्रुएनचा निकाल लिहिला होता. हे वाक्य डिबेटमधे शेवटच्या मिनिटाला टाकायला एकदम छान आहे. जुन्या कायद्यांमधलं माझं आवडतं उदाहरण १७८३ चं बॉस्टन, घरात भरलेली बंदूक ठेवायची नाही. नियंत्रणवाले म्हणतात बघा बंधन होतं, दुसरे म्हणतात ते आगीच्या भीतीनं होतं. दोघंही खरंच बोलतात.

आता कुठले पत्ते टाकू नयेत. "ते मस्केटसाठी होतं" हा टाकू नका, समोरचा म्हणेल मग भाषणस्वातंत्र्य फक्त बोरूनं लिहिण्यापुरतं ठेवा, हेलरमधे या मुद्द्याला कोर्टानं जवळजवळ थट्टेवारी नेलंय. आणि थोरामोठ्यांची अवतरणं, बापरे. वॉशिंग्टन आणि जेफरसनच्या तोंडी खोटी वाक्यं घालून जेवढा माल फिरतो तेवढा क्वचितच कुठल्या विषयात फिरत असेल, दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवायचा प्रकार अगदी शब्दशः. खरं असलं तरी पूर्ण आहे का बघा. जेफरसननं १७७६ मधे व्हर्जिनियासाठी लिहिलेल्या मसुद्यात कुठल्याही स्वतंत्र माणसाला शस्त्र वापरायची मनाई नसावी असं आहे, हे खरं. पण त्याच्याच पुढच्या मसुद्यात "स्वतःच्या जमिनीत" अशी जोड कंसात आली, आणि शेवटी व्हर्जिनियानं ते घेतलंच नाही.

आपल्या लोकांत वाद असेल तर भारत येणारच. तेव्हा हे हाताशी ठेवा: १८७८ च्या शस्त्र कायद्यानं हिंदुस्थानी माणसाला परवाना लावला आणि गोऱ्यांना मोकळं ठेवलं, तो राग एवढा होता की १९३१ च्या कराची ठरावात आपल्या काँग्रेस पक्षानं नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क मागितला होता. हो, काँग्रेसनं, गांधीजींच्या काळात. डिसेंबर १९४८ मधे घटना समितीत ह. वि. कामत यांनी तो हक्क घटनेत घालायची दुरुस्ती आणली. बाबासाहेबांनी ती नाकारली, म्हणाले आपण आग्रह धरायला हवा तो शस्त्र धरण्याच्या हक्काचा नाही, कर्तव्याचा, देशावर वेळ आली तर सरकारला नागरिकाला बोलावता आलं पाहिजे. आज आपल्या कलम १९ मधे एकत्र जमायचा हक्क आहे तो शांततेनं आणि विनाशस्त्र. याचा १७९१ च्या अमेरिकन अर्थाशी काही संबंध नाही, त्यामुळे पहिल्या प्रश्नात हे वापरू नका. पण तिसऱ्या प्रश्नात हे सोन्यासारखं आहे, कारण बाबासाहेब जे बोलले ते त्या दोन गारगोट्यांच्या यादीच्या फार जवळ जातं.

सरावाचं एकच सांगतो. गाडीतून क्लासला जाताना आम्ही नियम केला होता, आधी समोरच्याची बाजू अशी मांडायची की तो म्हणेल "हो, असंच म्हणायचंय मला", मगच उत्तर. सुरुवातीला मुलगी नियंत्रणवाल्यांची बाजू मांडताना आवाज चढवायची आणि दुसरी मांडताना भाजी निवडल्यासारखी बोलायची, म्हणजे कल कुठे आहे ते मागच्या सीटवरच्या भावालाही कळायचं. सहा आठवड्यांनी कळेनासं झालं. स्पर्धेच्या दिवशी नाणं उडालं, तिला बंदूकवाल्यांची बाजू आली, तिनं पेनसिल्वेनिया आणि ओटिस मॅकडोनल्ड लावून फेरी जिंकली आणि पुढच्या फेरीत उलट बाजूनं हरली. घरी येऊन आजीला फोन केला तर आजीचा पहिला प्रश्न, "मग शेवटी असल्यामुळे म्हणालीस की असेपर्यंत?" ती म्हणाली, "सकाळी असल्यामुळे, दुपारी असेपर्यंत."